रात्रपाळीच्या माणसाला कोण शिकवणार?

नागपुरात एखाद्या निरीक्षणगृहातून (म्हणजे जुन्या रिमांड होममधून) किंवा बालगृहातून दोन-चार मुले पळाली, की पुढचे आठ दिवस काय बोलले जाणार हे आता पाठ झाले आहे. एक पक्ष भिंतीची उंची मोजू लागतो; काटेरी तार लावा, कोपऱ्याकोपऱ्यात सीसीटीव्ही बसवा, माजी सैनिक पहाऱ्यावर ठेवा, ही त्याची मागणी. दुसरा पक्ष हळवा होतो. या लेकरांना माया मिळत नाही, पगारी माणसे काढून तिथे एखादी माय बसवा, हे त्याचे म्हणणे. दोन्ही बाजूंच्या मंडळींना मी सभांमधून तावातावाने बोलताना ऐकले आहे आणि त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण मुलांसोबत दिवसरात्र राहणाऱ्या माणसाच्या कामात शिकण्यासारखे काही नसते, हे दोघांनीही विचार न करताच धरून चाललेले असते. पहिल्याच्या लेखी तो पहारेकरी, दुसऱ्याच्या लेखी ती पान्हा फुटलेली आई. माझे म्हणणे असे, की काळजीवाहक, गृहमाता किंवा गृहपिता यांचे काम हे शिकून घेण्याचे काम आहे. त्यासाठी निदान एक वर्षाचे, विद्यावेतनासह, निम्मे प्रत्यक्ष कामावर आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली होणारे प्रशिक्षण शासनाने सक्तीचे करावे, आणि ते पूर्ण करणाऱ्याला पुढे बढतीची वाट असावी.

शहरातल्या मुलांच्या एका संस्थेत काही वर्षे मी दर शनिवारी सकाळी गोष्टींचा तास घेत असे. एका डिसेंबरात सलग तीन शनिवार मला मागच्या दोरीवर एकच ओली चादर दिसली. नागपूरची डिसेंबरातली पहाट काय असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या थंडीत अकरा वर्षांचा एक मुलगा इतर मुले उठायच्या आत नळाखाली बसून स्वतःची चादर धूत होता. रात्रपाळीवर असणारे गृहस्थ (मुले त्यांना काकाच म्हणत) पूर्वी कळमन्याला एका गोदामावर चौकीदार होते. कंत्राटदाराने तिकडून उचलून इकडे आणले होते. माणूस दुष्ट मुळीच नव्हता. त्या मुलासाठी त्यांनी स्वतःच्या खिशातून स्वेटर आणला होता. पण सवय मोडावी म्हणून ते त्याला संध्याकाळी सहानंतर पाणी पिऊ देत नसत, रात्रीतून तीनदा फरशीवर काठी आपटून उठवत आणि सकाळी चार पोरांदेखत गादीला हात लावून पाहत. त्यांच्या आईने धाकट्या भावाला असेच सुधारले होते, असे त्यांनीच मला सांगितले. मी रात्रपाळीची नोंदवही मागून घेतली. तीन आठवड्यांच्या प्रत्येक रात्रीपुढे एकाच वळणाच्या अक्षरात एकच ओळ होती: ‘सर्व मुले शांत. विशेष काही नाही.’

वर्षानुवर्षे कोरडा झोपणारा मुलगा अकराव्या वर्षी पुन्हा अंथरूण ओले करू लागला, तर आधी डॉक्टरांकडून लघवीची आणि रक्तातल्या साखरेची तपासणी करून घ्यायची असते. तिथे काही निघाले नाही, तर त्याला कशाची किंवा कोणाची भीती बसली आहे, हे हलक्या पावलांनी शोधायचे असते, कारण छळ आणि लैंगिक अत्याचार यांची पहिली खूण पुष्कळदा अशाच वेशात येते. पाणी तोडणे, झोपमोड करणे आणि चारचौघांत लाजवणे या तिन्ही गोष्टींनी दुखणे वाढते. काकांना यातले काहीही ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. समुपदेशकाच्या कानावर मी ही गोष्ट घातली, पुढे तपासणी झाली; तीत काय निघाले ते सांगण्याचा मला अधिकार नाही. माझा मुद्दा चादरीचा आहे. त्या महिन्यातली त्या इमारतीमधली सर्वांत मोलाची माहिती दोरीवर टांगलेली होती आणि तिच्या सर्वांत जवळ असलेल्या माणसाला ती वाचता येत नव्हती. यात काय कमी पडले? उंच भिंत? माया? स्वेटर तर मायेनेच आणला होता.

कायद्याने या माणसाला विचारात घेतलेच नाही, असेही नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या अंमलबजावणीसाठी केंद्राने २०१६ मध्ये आदर्श नियम केले. त्यांत शंभर मुलांच्या संस्थेसाठी चार गृहमाता किंवा गृहपिता धरले आहेत. म्हणजे पंचवीस मुलांमागे एक, आणि तोही चौघे एकाच वेळी हजर असतात, कोणी सुटीवर जात नाही आणि रात्री कोणी झोपत नाही असे मानले तर. नेमणुकीनंतरचे प्रशिक्षण आणि उजळणी वर्ग यांचाही उल्लेख नियमांत आहे. शिक्षा तर चांगल्याच ठळक आहेत. शिस्त लावण्यासाठी संस्थेतल्या कर्मचाऱ्याने मुलाला मारले, तर कलम ८२ प्रमाणे पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड, पुन्हा तेच केले तर तीन महिन्यांपर्यंत कैद. कलम ७५ खाली क्रूरता सिद्ध झाली, तर संस्थेतल्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याप्रमाणे अत्याचाराची माहिती मिळूनही ती न कळवणे हाच गुन्हा आहे. एवढी कलमे ज्याच्या डोक्यावर टांगली आहेत, त्याला नेमणुकीच्या दिवशी काय मिळते? मी पाहिले त्या संस्थेत काकांना चाव्यांचा जुडगा, हजेरीपट आणि आदल्या माणसाची जांभई मिळाली होती.

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ, कारण तो विदर्भातच सर्वांत जोरात मांडला जातो आणि मांडण्याचा आपल्याला हक्कही आहे. सिंधुताई सपकाळ वर्ध्याच्या. कुठल्या महाविद्यालयाने त्यांना अनाथांची माय होण्याचा दाखला दिला होता? अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना स्वतःचे नाव लावले, त्यांची लग्ने लावून दिली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती काही पदविकेवर नव्हे. नागपुरात झोपडपट्टीतल्या मुलांच्या पायात फुटबॉल देणाऱ्या विजय बारसे यांनी बाल न्यायाचा अभ्यासक्रम केला नव्हता. हे सगळे खरे आहे, आणि ममता वर्गात शिकवता येत नाही हेही खरे आहे. ज्याला मुले मनापासून आवडत नाहीत, त्याला चार वर्षे शिकवले तरी तो काळजीवाहक होणार नाही. उलट अशा माणसाला शिकवून हुशार करणे जास्त धोक्याचे.

पण ही उदाहरणे देणारे काय सिद्ध करतात? असामान्य माणसे प्रशिक्षणावाचून असामान्य काम करतात, एवढेच. राज्यातल्या प्रत्येक संस्थेच्या प्रत्येक रात्रपाळीला पुरतील इतकी असामान्य माणसे कुठल्याही समाजात निपजत नाहीत, आणि एखादे निपजलेच तर ते कंत्राटदाराच्या यादीत सापडत नाही. शिवाय या थोरांना शिकणे चुकले होते, असे म्हणणे त्यांच्यावरच अन्याय करणारे आहे. बारसे हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. मुलांचा घोळका कसा हाताळावा, हरलेल्या पोराला पुन्हा मैदानात कसे आणावे, हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. शंकरबाबांनी तर अनुभवातून आलेला प्रश्न थेट शासनापुढे ठेवला: अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून ज्या दिव्यांग मुलाला दारातून बाहेर काढायचे, तो जाणार कुठे? वर्षानुवर्षे मुलांत राहून, चुका करून, त्यांतून ते शिकले. त्या शिकण्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. आपल्या संस्थांमध्ये काळजीवाहकाच्या चुकांची किंमत मोजतो तो मुलगा, आणि काळजीवाहक शहाणा होईपर्यंत त्याचे कंत्राट संपलेले असते.

नागपूरकरांना हा वाद नवा वाटू नये. बाळंतपणाच्या बाबतीत तो या शहरात एकदा होऊन गेला आहे. लहान वयात वैधव्य आलेल्या आणि परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये इथे मातृसेवा संघ सुरू केला, तेव्हा बाळंतपण हे घरच्या म्हातारीच्या आणि सुईणीच्या हातचे काम, त्यात शिकायचे ते काय, हीच सर्वसाधारण समजूत होती. सुईणीकडे माया नव्हती का? पुष्कळ होती, हातही हलका होता. पण नाळ कापायचे विळे उकळून घ्यायचे असते हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. शिकलेली परिचारिका आली म्हणून आईपणाची थोरवी कमी झाली नाही, बाळंतिणी वाचू लागल्या. पुढे याच संघाने शहरात समाजकार्याचे महाविद्यालय काढले. आज तिथले आणि इतर महाविद्यालयांचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी बालगृहांत जातात, अहवाल लिहितात, पदवी घेतात, आणि परिविक्षा अधिकारी किंवा समुपदेशक होण्याची वाट पाहतात. मुलांजवळ झोपणाऱ्या माणसापर्यंत मात्र त्यांच्या अभ्यासक्रमातली एक ओळही झिरपत नाही. अधिकारी शिकलेला आणि दिवसा हजर, काळजीवाहक अडाणी आणि रात्री हजर. आणि मुलांच्या जखमा उघड्या पडतात त्या रात्रीच.

दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षा जड वाटतो. प्रशिक्षण सक्तीचे केले की दहावी नापास झालेली, पण पाच पोरे वाढवलेली वस्तीतली बाई या कामातून बाहेर फेकली जाईल. तिच्या जागी एखादा पदवीधर येईल, तुटपुंज्या मानधनाला कंटाळून वर्षभरात निघून जाईल. मुलांच्या आयुष्यातून आणखी एक माणूस कमी होईल. ज्याने आधीच बरीच माणसे गमावली आहेत, त्या मुलाच्या दृष्टीने हा दोष लहान नाही. मानधन वाढवल्यावाचून नुसते प्रशिक्षण सक्तीचे करण्याला माझाही विरोध आहे. पण या आक्षेपात प्रशिक्षण म्हणजे पदवी असे परस्पर धरले जाते, आणि ते चूक असल्याचा पुरावा नागपूरहून काही तासांच्या वाटेवर, गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने जेमतेम शिकलेल्या गावातल्या बायांना नवजात बाळाचे वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि गरज पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवले. हे काम डॉक्टरांचेच, असे मानणाऱ्यांना ते अविचारी वाटणे स्वाभाविक होते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ज्या ३९ गावांत हे काम झाले, तिथे नवजात बालकांचा मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. त्या बायांची पात्रता दाखल्यात नव्हती. त्यांना नेमके काय करायचे ते पुन्हापुन्हा शिकवले गेले, आणि शिकवणारी माणसे नंतरही त्यांच्या मागे उभी राहिली. तापलेल्या बाळाचा श्वास मोजायला शिकलेल्या बाईला घाबरलेल्या पोराचे गप्प बसणे ओळखायला शिकवता येणार नाही, असे कोणी सांगावे कशाच्या आधारावर?

म्हणून प्रवेशासाठी पदवीची अट नको. लिहितावाचता येणे, पोलीस पडताळणी आणि मुलांसोबत महिनाभर राहून दाखवणे एवढे पुरे. आधीपासून काम करणाऱ्यांना त्यांच्या अनुभवाचे गुण मिळावेत. परदेशात या कामाला किती गंभीरपणे घेतात ते पाहायचे, तर डेन्मार्कमध्ये मुलांच्या निवासी संस्थांत काम करणाऱ्या ‘पेडागोग’ची पदवी साडेतीन वर्षांची असते. आपण तिची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. आपल्या आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, एवढे लक्षात घेतले तरी चालेल. पंख्याची मोटार दुरुस्त करणाऱ्याला दोन वर्षे, आणि पंचवीस मुलांची रात्र सांभाळणाऱ्याला दोन तासही नाहीत.

वर्षभरात शिकवायचे काय, हे लोक खोचकपणे विचारतात. त्यांना मी पहिल्या रात्रीचे उदाहरण देतो. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही लोहमार्ग नागपुरात एकमेकांना मिळतात, त्यामुळे घरातून पळालेले मूल कुठल्याही दिशेचे असू शकते. रात्री दोनला रेल्वे स्थानकावरून आणलेला मुलगा समोर उभा आहे. तो तेलुगू बोलतो की ओडिया ते कळत नाही, हाताला नशेसाठी हुंगायच्या पंक्चरच्या सोल्युशनचा वास येतो आहे, अंगाला हात लावू देत नाही. त्याला आधी आंघोळ घालायची की जेवू घालायचे? नाव-गाव आत्ता विचारायचे की सकाळी? त्याच्या मुठीतले प्लॅस्टिकचे पुडके काढून घ्यायचे का? अंगावर वळ दिसले तर कुठे लिहायचे, कोणाला फोन करायचा? त्याने कुजबुजत काही सांगितले आणि ‘कोणाला सांगू नका’ म्हटले, तर वचन द्यायचे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते ‘नाही’ मुलाचा विश्वास न तोडता कसे म्हणायचे, याला सराव लागतो. दोन सोळा वर्षांची मुले हातघाईवर आली तर आवाज कोणत्या पट्टीत ठेवायचा, मध्ये कुठे उभे राहायचे, यालाही लागतो. शिव्या खाऊन, रात्र जागून घरी गेलेल्या काळजीवाहकाने आपला संताप कुठे ओतायचा, हा प्रश्नही अभ्यासक्रमात असला पाहिजे. नाही तर तो संताप दुसऱ्या रात्री कोणाच्या तरी पाठीवर उतरतो.

संस्थाच बंद करा, मुले कुटुंबांत वाढू द्या, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. कायद्यातच संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे आणि मुलाला संस्थेऐवजी कुटुंबातच वाढवण्यासाठी मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेमागचा विचारही तोच आहे. मात्र तो जितका यशस्वी होईल, तितकी संस्थांत उरणारी मुले अधिक दुखावलेली आणि अधिक अवघड असतील. संख्या घटेल, कौशल्याची गरज वाढेल.

राहता राहिला कॅमेऱ्यांचा पक्ष. कॅमेरे जरूर लावावेत. पण २०१८ मध्ये बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या मुलींच्या गृहातला भयानक प्रकार बाहेर आला, तो मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या चमूने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे. प्रशिक्षित माणसे मुलींजवळ बसली, तेव्हा त्या बोलल्या. आपला इतिहासही हेच सांगतो. सुधारशाळांचा कायदा १८९७ मध्ये आला, मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये आणि नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताने १९२८ मध्ये मुलांसाठी वेगळे कायदे केले. नंतर १९८६, २००० आणि २०१५ मध्ये देशभरासाठी नवे कायदे झाले. ‘बालगुन्हेगार’चा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ झाला, ‘रिमांड होम’चे ‘निरीक्षणगृह’ झाले (रिक्षावाल्याला मात्र अजून रिमांड होमच सांगावे लागते). प्रत्येक सुधारणेने मंडळे, समित्या, नमुने आणि तक्ते यांची भर घातली. फाटकाच्या आत खाटेवर झोपणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी जितका शिकलेला होता, तितकाच आज आहे.

एका संस्थेच्या मनुष्यबळाच्या कंत्राटाची प्रत मी पाहिली आहे. त्यात गणवेशाचा रंग होता, बुटांचा प्रकार होता, शिट्टी आणि टॉर्च कोणी पुरवायचे ते होते, गैरहजेरीबद्दल दर दिवशीची कपात होती. याच यादीत ‘मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि त्या काळातील विद्यावेतन’ ही एक नोंद घालायला संसदेची गरज नाही. महिला व बाल विकास विभागाने ठरवले तर ते पुढच्याच निविदेत होऊ शकते. शिकवायला शहरात समाजकार्य महाविद्यालये आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे, आणि वीस-वीस वर्षे या कामात घालवून निवृत्त झालेले अधीक्षक शंकरनगरात सकाळी फिरताना भेटतात.

ती नोंदवही मी परत केली, तेव्हा काका थोडे बिचकले होते. आपली तक्रार होणार, असे त्यांना वाटले असावे. मी तसे काही करणार नाही म्हटल्यावर त्यांनी इकडे-तिकडे पाहून विचारले, “सर, पोरानं रात्री काही सांगतलं, तर ते या वहीत लिहायचं असते का? की साहेबाले तोंडीच सांगायचं?” त्या संस्थेत त्यांना तेव्हा चौथे वर्ष चालू होते.